विश्लेषण : थरावर थर, तरच उजेड! संपादनाच्या सॉफ्टवेअरआधी दादासाहेब फाळके यांनी पडदा कसा उजळला?

लग्नाची वरात, विसर्जनाची मिरवणूक किंवा गडावरचा रात्रीचा मुक्काम मोबाइलवर चित्रित करावा आणि घरी येऊन पाहावे तर सगळे काळेकुट्ट, असा अनुभव अनेकांना येतो. मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच दृश्याची दुसरी प्रत मूळ दृश्यावर ठेवली जाते. वरच्या थराला ‘स्क्रीन’ हा ब्लेंड मोड दिला जातो. क्षणात चेहरे दिसू लागतात. हे काम आज काही सेकंदांचे आहे. मात्र एका चित्रावर दुसऱ्या चित्राचा उजेड चढवण्याची कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. भारतात ती पडद्यावर रुजवणाऱ्यांमध्ये पहिले नाव येते धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण त्यांचे आयुष्य म्हणजे पुरेसा प्रकाश मिळवण्यासाठी केलेला दीर्घ झगडाही होता. त्या झगड्यात एकदा त्यांचे डोळेच जायची वेळ आली होती.

थर चढवल्यावर दृश्य उजळते म्हणजे नेमके काय होते?

डिजिटल दृश्यातील प्रत्येक ठिपक्याला उजेडाची एक किंमत असते. पूर्ण काळा म्हणजे शून्य, पूर्ण पांढरा म्हणजे शंभर टक्के. ‘स्क्रीन’ मोडमध्ये दोन थरांतील उजेड एकत्र येतो, पण बेरीज शंभरच्या पुढे जाणार नाही अशा बेताने. २० टक्के उजेडाच्या ठिपक्यावर त्याचीच प्रत ठेवली तर तो ३६ टक्क्यांवर जातो. ८० टक्क्यांचा ठिपका ९६ टक्क्यांवर पोहोचतो. म्हणजे अंधारा भाग बराच उजळतो आणि आधीच उजळ असलेला भाग पांढरा फटक पडण्याच्या अलीकडे थांबतो. दोन प्रोजेक्टरमधून एकाच पडद्यावर दोन चित्रे टाकल्यासारखा हा परिणाम असतो.

यातील महत्त्वाची मेख वेगळीच आहे. शून्यावर शून्य चढवले तर उत्तर शून्यच येते. कॅमेऱ्याने जिथे काहीच टिपलेले नाही, तिथे दहा थर चढवले तरी काही दिसत नाही. शिवाय अंधाऱ्या भागात अर्धवट टिपलेल्या तपशिलाबरोबर दाणेदार खरखरही असते. थर चढला की तीही वाढते. म्हणून अनुभवी संकलक वरचा थर संपूर्ण दृश्यावर न ठेवता ‘मास्क’ लावून चेहऱ्यापुरता किंवा हव्या त्या भागापुरता ठेवतात. फाळके यांच्या काळात हे गणित कागदावर कोणी मांडत नसे. तरी फिल्मवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते हाताने आणि डोळ्यांनी शिकावे लागे.

फाळके प्रकाशाच्या तंत्राकडे कसे वळले?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईला आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले आणि तेथील कलाभवनात दाखल झाले. चित्रकला, शिल्पकाम, वास्तुरचना यांच्याबरोबर त्यांना छायाचित्रणाचे वेड लागले ते इथेच. १८९० मध्ये त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा घेतला. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांची ओढ ओळखून छायाचित्रणाची खोली त्यांना वापरू दिली. त्यानंतर तीन रंगांचे ब्लॉक तयार करणे, छायाचित्रावरून शिळाप्रेसची छपाई करणे आणि अंधाऱ्या खोलीतील कामे शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवण्यात आले.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्यावर ते गोध्रा सोडून निघाले. पुढच्या काळात त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले आणि ‘फाळके’ हे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग केलेही. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर विवाहानंतर सरस्वतीबाई झाल्या. पुढच्याच वर्षी फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली.

वरवर पाहता ही कामे विस्कळीत वाटतात. पण त्यांच्यामागे एक धागा आहे. छायाचित्रकाराला किती उजेडात काच किती वेळ उघडी ठेवायची ते कळावे लागते. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला दिव्यांच्या प्रकाशात कोणता रंग मरतो आणि कोणता उठतो ते माहीत असावे लागते. जादूगाराचे तर सारे काम प्रेक्षकाला काय दिसू द्यायचे आणि काय अंधारात ठेवायचे यावरच चालते. काळ्या पडद्यापुढे काळे कापड दिसत नाही, हे जादूच्या रंगमंचावरचे साधे सूत्र पुढे चित्रपटातील चमत्कारांच्या मुळाशी आले.

छापखान्यात थरांचे कोणते शिक्षण मिळाले?

स्वदेशीच्या वाऱ्याने भारलेल्या काळात, १९०६ मध्ये, फाळके यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात भागीदारीत छापखाना काढला. राजा रविवर्मा यांची चित्रे छापणाऱ्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले.

रंगीत छपाई हे थरांचेच काम आहे. एकाच चित्राचे वेगवेगळ्या रंगांसाठी वेगळे ठसे तयार करायचे आणि तेच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून काढायचे. प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर तंतोतंत बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येतो. मात्र शाईच्या आणि उजेडाच्या थरांत एक मोठा फरक आहे. कागदावर शाईचा प्रत्येक नवा थर थोडा उजेड शोषून घेतो, त्यामुळे चित्र गडद होत जाते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘मल्टिप्लाय’ हा मोड साधारण असेच वागतो. फिल्मवर उलट घडते. तिथे प्रकाशाचा दुसरा थर पहिल्यात भर घालतो. छापखान्यात फाळके अचूक जुळवणी शिकले. कॅमेरा हाती आल्यावर तीच शिस्त त्यांनी प्रकाशाच्या थरांना लावली.

भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, हाती काम नाही आणि घरात लहान मुले, अशी परिस्थिती होती.

डोळे जाण्याची वेळ का आली?

१९११ मध्ये गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ या तंबूवजा चित्रपटगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसू शकतो तर राम आणि कृष्ण का नाहीत, या विचाराने त्यांना पछाडले. पुढचे कित्येक महिने ते मिळेल तो चित्रपट पाहत राहिले. छोटे खेळण्यातले प्रोजेक्टर, भिंग, मेणबत्ती आणि फिल्मचे तुकडे घेऊन घरच्या भिंतीवर चित्रे पाडण्याचे प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालत. झोप नाही, डोळ्यांना विश्रांती नाही. सतत लुकलुकणारा पडदा आणि मेणबत्तीचा अपुरा उजेड यांचा व्हायचा तो परिणाम झाला. त्यांची दृष्टी इतकी खालावली की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांचे उपचार आणि निरनिराळ्या नंबरांचे चष्मे यांच्या मदतीने दृष्टी परत आली.

या आजारपणाचे गांभीर्य समजून घ्यायचे तर त्या काळचे चित्रपटाचे काम लक्षात घ्यावे लागते. कॅमेऱ्यावर आजच्यासारखा पडदा नव्हता, प्रकाश मोजणारे उपकरण सहज हाताशी नव्हते. ऊन किती प्रखर आहे, ढग आला तर भिंगाचे छिद्र किती उघडायचे, हे डोळ्यांनीच ठरवावे लागे. फिल्म धुताना चित्र किती उमटले हेही डोळ्यांनीच पाहावे लागे. डोळे गेले असते तर चित्रपट सुरू होण्याआधीच संपला असता. दृष्टी परत येताच फाळके यांनी थांबण्याऐवजी विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला.

लंडनहून त्यांनी काय आणले?

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचे काम पाहता आले. पन्नास पौंडांत त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवली. एप्रिलच्या सुरुवातीला ते मुंबईत परतले.

सावकार केवळ शब्दांवर पैसे देणार नव्हते. म्हणून फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एक छोटी फिल्म केली. सुमारे महिनाभर कॅमेरा एका जागी ठेवून थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, वेल वर चढला. आज ज्याला ‘टाइमलॅप्स’ म्हणतात, तेच हे तंत्र. यात कौशल्य वेळेइतकेच प्रकाशाचेही होते. एक फ्रेम उजळ आणि दुसरी काळपट आली तर पडद्यावर वेलाऐवजी लुकलुकच दिसते. रोज बदलणाऱ्या उजेडात सगळ्या फ्रेम सारख्या ठेवणे ही परीक्षा त्यांनी पार केली आणि नारायणराव देवहरे यांनी भांडवल देऊ केले. कमी पडलेले पैसे सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढले.

दादरच्या बंगल्यात उजेड कुठून आला?

‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण दादरला झाले. राजवाड्याच्या आतले प्रसंगही उघड्यावर उभारलेल्या सेटवर घेतले गेले. कारण उजेड देणारा एकच दिवा होता, तो म्हणजे सूर्य. त्या काळची फिल्म आजच्या तुलनेत फार ‘मंद’ होती, म्हणजे तिला चित्र उमटवायला भरपूर प्रकाश लागे. ती निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई आणि लाल रंग तिला जवळपास काळाच दिसे. निळे आकाश पांढरे फटक, तर लाल शेला काळाठिक्कर, असा प्रकार होई. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ फ्रेम. प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा अगदी छोटा हिस्सा येई. तेवढ्यात पुरेसा उजेड आत आला नाही तर फ्रेम अंधारी राहणार हे ठरलेले.

भर उन्हातही एक अडचण असते. सूर्य डोक्यावर आला की भुवयांखाली, नाकाखाली, मुकुटाच्या कडेखाली दाट सावल्या पडतात. पडद्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्यावर उपाय पांढऱ्या कापडाचा. पांढरी चादर ताणून धरली की तिच्यावर पडलेले ऊन सौम्य होऊन चेहऱ्यावर परतते आणि सावली उजळते. ही चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत त्या सरस्वतीबाई. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शॅडोज’ नावाची पट्टी सरकवून जे केले जाते, ते त्या दोन्ही हातांनी करत होत्या. फरक एवढाच की चादरीमुळे तपशील फिल्मवर खरोखर उमटत होता. नंतर अंधार खरवडण्याची वेळ येत नव्हती.

त्यांचे काम इथेच संपत नव्हते. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे. छिद्रे पाडण्याचे काम अंधारातच करावे लागे, कारण कोरी फिल्म उजेडात गेली की वाया. ही सगळी कामे दादासाहेबांनी त्यांना शिकवली आणि त्यांनी ती निभावली. कॅमेरा चालवायला बालमित्र त्र्यंबक तेलंग होते. त्यांनाही फाळके यांनीच तयार केले. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके, तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके आणि रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र होता.

काळपट फिल्म नंतर उजळता येत असे का?

काही प्रमाणात येत असे. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली फिल्म रसायनाच्या टाकीत बुडवली जाई. लाल प्रकाशाचा त्या फिल्मवर परिणाम होत नसल्याने मंद लाल दिव्यात चित्र उमटताना दिसत असे. कमी उजेडात घेतलेली फिल्म थोडा जास्त वेळ टाकीत ठेवली तर चित्राला भरीवपणा येई. पुढे निगेटिव्हवरून पडद्यावर दाखवायची प्रत काढताना छपाई यंत्रातील दिवा कमी-जास्त करून प्रत्येक प्रसंगाचा उजेड सारखा करता येई. म्हणजे चित्र दुरुस्त करण्याच्या दोन संधी हाती होत्या.

पण दोन्हींना मर्यादा होती. जास्त वेळ धुतल्याने मध्यम उजेडाचे भाग उठून येतात, दाट सावल्यांत मात्र फारसा फरक पडत नाही. जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथे निगेटिव्ह काचेसारखी कोरी राहते. शिवाय जास्त धुण्याने पांढरे आणि काळे यांच्यातील अंतर वाढते, चित्र राठ दिसू लागते आणि दाणे जाड होतात. शून्यावर शून्य चढवण्याचा नियम रसायनांनाही चुकवता येत नाही. म्हणून सारा भर चित्रीकरणाच्या वेळच्या उजेडावर. फिल्म महाग, परदेशातून येणारी. फसलेला प्रसंग पुन्हा घ्यायचा म्हणजे नवी फिल्म, नवा दिवस आणि पुन्हा तेच ऊन.

सुमारे ३,७०० फुटांचा हा चित्रपट सहा-सात महिन्यांच्या खटपटीनंतर तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

पडद्यावर देव प्रकट कसे होत?

पौराणिक कथेत चमत्कार हवाच. त्यासाठी त्या काळी तीन मुख्य युक्त्या होत्या. पहिली, कॅमेरा थांबवण्याची. सर्वांनी जागच्या जागी स्तब्ध राहायचे, कॅमेरा बंद करायचा, एका पात्राने बाजूला व्हायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर ते पात्र अदृश्य होते. दुसरी युक्ती विरण्याची. भिंगाचे छिद्र हळूहळू मिटवत दृश्य काळे करायचे, फिल्म तेवढीच मागे घ्यायची आणि नवे दृश्य घेताना छिद्र हळूहळू उघडायचे. एक चित्र विरते, त्याच वेळी दुसरे उमटते.

तिसरी युक्ती दुहेरी प्रकाशनाची, म्हणजे खऱ्या अर्थाने थरांची. आधी राजवाड्याचे दृश्य घ्यायचे. मग फिल्म मागे फिरवून काळ्या पडद्यापुढे उभ्या केलेल्या देवाचे चित्र त्याच फिल्मवर घ्यायचे. काळा पडदा प्रकाश पाठवत नाही, त्यामुळे पहिले दृश्य जसेच्या तसे राहते. उजळलेल्या देवाचा प्रकाश तेवढा त्यावर चढतो. ‘स्क्रीन’ मोडमध्ये काळी पार्श्वभूमी असलेली ठिणगी किंवा ज्योत दृश्यावर ठेवली की काळे नाहीसे होते आणि ज्योत राहते, त्यामागे हेच तत्त्व आहे. दृश्याचा एखादा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून तिथे नंतर दुसरे चित्र घेता येई. आजचा ‘मास्क’ तो हाच.

फरक चुकीच्या किमतीत होता. हँडलच्या एका फेरीत साधारण आठ फ्रेम पुढे सरकत. किती फेऱ्या पुढे गेल्या ते मोजून तेवढ्याच मागे घ्याव्या लागत. मोजणी चुकली, दुसऱ्या वेळी उजेड जास्त पडला किंवा कॅमेरा जरा हलला, तर आधी घेतलेले चांगले दृश्यही जाई. मागे फिरण्याची सोय नव्हती, कारण दोन्ही थर एकाच फिल्मवर कायमचे एकजीव झालेले असत. छापखान्यात केसभर न सरकणारा ठसा बसवणाऱ्या फाळके यांना ही शिस्त नवी नव्हती.

नाशिकच्या दिवसांत हे तंत्र कुठे पोहोचले?

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले आणि तेथे त्यांनी आपले चित्रपट दाखवले. तिथेच राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. महायुद्ध सुरू झाले आणि भांडवल आटले, तेव्हा पुढची काही वर्षे ओढग्रस्तीची गेली. १९१७ मध्ये आलेल्या ‘लंका दहन’ने दिवस पालटले. हनुमानाचे उड्डाण आणि जळणारी लंका पाहायला लोटलेल्या गर्दीच्या, तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

१९१८ च्या प्रारंभी हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाला जिकडेतिकडे कृष्ण दिसू लागतो आणि त्याचे शिर धडावेगळे होऊन पुन्हा जागेवर येते. झाकलेल्या फ्रेम आणि एकावर एक घेतलेली चित्रे यांशिवाय असा प्रसंग त्या काळी शक्य नव्हता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पाण्यातील कृष्ण आणि कालिया यांचा सामना हे त्याचे मोठे आकर्षण ठरले. आपले काम लोकांना समजावे म्हणून फाळके यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही केला. त्यात ते स्वतः दिसतात. चमत्काराची युक्ती लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही, ही जादूगार राहिलेल्या माणसाच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

पुढे काय झाले?

कंपनीतील भागीदारांशी पटेना, तेव्हा फाळके काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नंतर ते कंपनीत परतले, पण पूर्वीचा सूर लागला नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांचा काळ सरला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. दुसऱ्या महायुद्धात कोऱ्या फिल्मची टंचाई होती आणि चित्रपट काढायला परवाना लागत असे. उतारवयात त्यांनी त्यासाठी केलेल्या अर्जाला नकार मिळाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

उरलेल्या फिल्म आज उजळता येतील का?

फाळके यांचे बहुतेक चित्रपट आज अस्तित्वात नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि वर्षे गेली की आपोआप चिकट होऊन तिची भुकटी होई. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जमवलेल्या भागांमुळे ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ आज पाहता येते. हे भाग १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे भागही उरले आहेत. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अनेक जुन्या नायट्रेट फिल्म गेल्या. सुरक्षित फिल्मवर काढलेल्या प्रती होत्या म्हणून ही दृश्ये वाचली.

अशा प्रतींवर आजची साधने बरेच काही करू शकतात. प्रत्येक फ्रेम स्कॅन करता येते. शेजारच्या दोन-चार फ्रेम एकावर एक ठेवून ओरखडे आणि दाणे कमी करता येतात, कारण ओरखडा एका फ्रेमवर असतो आणि चेहरा सगळ्यांवर. उडालेला काळेपणा परत आणता येतो, झाकोळलेले कोपरे थोडे मोकळे करता येतात. प्रतीवरून प्रत काढताना हरवलेला तपशील मात्र कोणत्याही थराने परत येत नाही. तो कोरी जागा भरणारा तंत्रज्ञ स्वतःच्या कल्पनेने भरू शकतो, पण मग ते फाळके यांचे चित्र उरत नाही. म्हणूनच जुन्या फिल्मवर काम करणारे दृश्य किती उजळायचे याचा विचार करताना कुठे हात थांबवायचा हेही ठरवतात.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या दृश्यांत ज्या चेहऱ्यांवर अजूनही डोळे स्पष्ट दिसतात, ते एवढ्या वर्षांनी दिसतात याचे श्रेय नंतरच्या कोणत्याही प्रक्रियेआधी दादरच्या उन्हाला आणि चादर धरून उभ्या राहिलेल्या हातांना जाते. रात्रीची वरात चित्रित करणाऱ्यासाठीही हाच व्यवहार आहे. चेहरा दिव्याकडे वळवला, जवळच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड घेतला, तर नंतर चढवायचे थर कमी लागतात आणि चढवलेले कामी येतात.